मुक्कामी गाडीचे गणित

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले, की कात्रजचा घाट, खेड शिवापूर, नसरापूर फाटा आणि कापूरहोळ मागे पडल्यावर सारोळे येते. इथे महामार्ग नीरा नदी ओलांडतो आणि पलीकडे सातारा जिल्हा सुरू होतो. हमरस्त्यावरचे गाव असल्याने सारोळ्याला गाड्यांची वाण नाही. पण याच भोर-वेल्ह्याच्या मुलखात, डोंगराआडच्या खोऱ्यांत जिथे डांबरी रस्ता संपतो, तिथल्या वाड्यांची शाळा, बाजार, दवाखाना आणि नोकरी ‘गाडी किती वाजता आहे’ या एका प्रश्नावर ठरत आली आहे. तिथे एक शब्द लहानथोर सर्वांना ठाऊक असतो : मुक्कामी गाडी.

शहरात वाढलेल्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण. रात्री शेवटची फेरी घेऊन एसटी गावात येते आणि परत जात नाही. चालक आणि वाहक तिथेच झोपतात. कधी गाडीत, कधी देवळाच्या ओवरीत, कधी ग्रामपंचायतीच्या खोलीत. गावातले कोणी भाकरी-कालवण आणून देते. पहाटे तीच गाडी दुधाच्या किटल्या, शाळेची मुले आणि कचेरीत हेलपाटे घालणारी माणसे घेऊन तालुक्याला निघते.

ही केवळ गावाची सोय आहे असे वाटते. मात्र गाडीचा हा मुक्काम एका नेमक्या गणिताचे उत्तर आहे, आणि ते गणित पहिल्यांदा काटेकोरपणे मांडले गेले ते अमेरिकी नौदलाच्या तेलवाहू जहाजांसाठी, १९५४ साली. युद्धातून निघालेले एक शास्त्र बसच्या आगारापर्यंत कसे पोहोचले, त्याने काय सोडवले आणि काय त्याला सोडवता येत नाही, हा आजच्या धाग्याचा विषय आहे. धागा लांब आहे. वही-पेन्सिल जवळ असल्यास उत्तम.

या शास्त्राचे नाव ऑपरेशन्स रिसर्च. मराठीत त्याला निरनिराळे प्रतिशब्द सुचवले गेले. एकही नीट रुळला नाही, म्हणून रूढ नावच वापरू. हे नाव १९३८ च्या सुमारास इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील बॉड्सी येथील रडार संशोधन केंद्रात पुढे आले. रडार तयार झाले होते. पण त्याने दिलेली वर्दी विमानदळाच्या कामी वेळेवर कशी यावी, हा प्रश्न उपकरणाचा नव्हता, कारभाराचा होता. त्या कारभाराचा शास्त्रीय अभ्यास म्हणजे ‘ऑपरेशनल रिसर्च’.

युद्ध पेटल्यावर पॅट्रिक ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाने या विद्येला आकार दिला. त्यांच्या गटात भौतिकशास्त्रज्ञ, गणिती, शरीरशास्त्रज्ञ असे नाना विषयांचे लोक होते. त्यामुळे त्या गटाला ‘ब्लॅकेटची सर्कस’ असे थट्टेचे नाव पडले. या मंडळींच्या कामाचा एक नमुना पाहा. पाणबुड्यांवर विमानातून टाकले जाणारे पाणसुरुंग सुमारे १०० फूट खोलीवर फुटतील असे लावलेले असत. ई. जे. विल्यम्स यांनी आकडे मांडून दाखवले, की विमानाला पाणबुडी दिसते तेव्हा ती पृष्ठभागावर किंवा नुकतीच बुडी मारलेली असते. इतक्या खोल जायला तिला वेळच मिळालेला नसतो. सुरुंग सुमारे २५ फुटांवर फुटतील असे लावताच परिणाम कितीतरी पटींनी वाढला. नवे शस्त्र नाही, नवे विमान नाही. जे हाताशी आहे, ते कसे वापरायचे, एवढाच प्रश्न.

दुसरा नमुना आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. मालवाहू जहाजांचे तांडे लहान असावेत की मोठे? लहान तांडा सुरक्षित, असा समज होता. ब्लॅकेट यांच्या गटाने दाखवले, की तांडा मोठा झाला की त्याचे क्षेत्रफळ जितके वाढते तितका त्याचा परीघ वाढत नाही, आणि राखण करावी लागते ती परिघाची. तेवढ्याच रक्षक नौकांत मोठा तांडा अधिक सुखरूप जातो. चक्रव्यूहापासून गनिमी काव्यापर्यंतच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यात फार नवल वाटू नये. नवे होते ते मोजमाप.

ब्लॅकेट यांना १९४८ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. स्वतंत्र भारताच्या संरक्षण-विज्ञानाच्या उभारणीत नेहरूंनी त्यांचा सल्ला घेतला होता. १९५७ मध्ये ऑपरेशनल रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. म्हणजे हे शास्त्र आपल्याकडे उशिरा आले, असे म्हणता येत नाही.

आता रस्त्यावर येऊ.

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली, विजेची ट्राम १९०७ मध्ये, आणि मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. वेळापत्रकाचे कोडे पहिल्या दिवसापासून होतेच. घोडा काही तासांत थकतो. ट्रामचा डबा दिवसभर चालवायचा तर त्यामागे घोड्यांच्या अनेक जोड्या लागतात, आणि ताजी जोडी नेमक्या ठिकाणी, नेमक्या वेळी उभी असावी लागते. डबा, घोडा आणि माणूस या तिघांची तीन वेगळी वेळापत्रके. घोड्याच्या जागी इंजिन आले, पण तीन पदरांपैकी दोन आजही तसेच आहेत : गाडीचे वेळापत्रक आणि कामगाराचे वेळापत्रक. हा भेद लक्षात ठेवा.

अनेक दशके हे काम आलेखाच्या कागदावर होत असे. आडवी रेघ वेळेची, उभी अंतराची. गाडी म्हणजे एक तिरपी रेषा. रेषा जितकी उभी, तितकी गाडी वेगवान. दोन रेषा जिथे छेदतात तिथे दोन गाड्या समोरासमोर येतात. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात ही पद्धत एकोणिसाव्या शतकापासून आहे. बस कंपन्यांत हेच काम अनुभवी कारकून करीत. त्यांचे कसब खरोखर मोठे होते. आपले उत्तर सर्वोत्तम आहे की नुसतेच चालण्यासारखे, हे सिद्ध करण्याचा मार्ग मात्र त्यांच्याकडे नव्हता.

सर्वांत सोपे गणित आधी करू. समजा, स्वारगेट ते सारोळे अशी एक सेवा आहे. एका दिशेला ८० मिनिटे लागतात आणि दोन्ही टोकांना १०-१० मिनिटांची विश्रांती आहे. पूर्ण फेरा १८० मिनिटांचा. दर २० मिनिटांनी गाडी सोडायची, तर १८० भागिले २०, म्हणजे ९ गाड्या लागतील. आता रस्त्यावरच्या कोंडीने प्रत्येक दिशेला १० मिनिटे वाढली. फेरा २०० मिनिटांचा झाला, आणि तीच सेवा टिकवायला १० गाड्या लागल्या. ही दहावी गाडी प्रवाशांना एकही जादा फेरी देत नाही. ती केवळ कोंडीत उभी राहण्यासाठी विकत घ्यावी लागते, आणि तिच्यासोबत चालक, वाहक, डिझेल, टायर सगळेच.

बससाठी वेगळी मार्गिका असावी या मागणीमागे हे साधे भागाकाराचे गणित असते. याच सातारा रस्त्यावर, कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर, डिसेंबर २००६ मध्ये देशातल्या अगदी पहिल्या बीआरटी सेवांपैकी एक प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. तिच्या आखणीवर आणि अंमलबजावणीवर पुष्कळ टीका झाली. पण मार्गिका नीट राखली गेली नाही, म्हणून मार्गिकेमागचे गणित चुकीचे ठरत नाही. त्या काळच्या वादात या दोन गोष्टींची सरमिसळ फार झाली.

खरी गंमत पुढे आहे. वरच्या हिशेबात आपण धरून चाललो, की प्रत्येक गाडी एकाच मार्गावर ये-जा करते आणि दिवसभर सेवा सारखी आहे. प्रत्यक्षात सकाळी गावाकडून शहराकडे गर्दी असते, दुपारी शुकशुकाट, संध्याकाळी उलट. शिवाय एका मार्गावरून आलेली गाडी दुसऱ्या मार्गावर जाऊ शकते. अशा वेळी ठरलेले वेळापत्रक पाळण्यासाठी कमीत कमी किती गाड्या लागतील?

जॉर्ज डँट्झिग आणि रे फुल्कर्सन यांनी १९५४ साली हाच प्रश्न नौदलाच्या तेलवाहू जहाजांबाबत मांडला : ठरलेल्या तारखांना ठरलेल्या बंदरांत तेल पोहोचायचे आहे, तर कमीत कमी किती जहाजे हवीत? डँट्झिग यांनी १९४७ मध्ये सिम्प्लेक्स ही रीत शोधली होती; मर्यादित साधनांतून सर्वोत्तम वाटप काढण्याची ती पहिली खरी व्यवहार्य रीत. जहाजांचा प्रश्न त्यांनी त्याच साच्यात बसवला. पाठोपाठ १९५७ मध्ये टी. ई. बार्टलेट यांनी, ठरलेले वेळापत्रक पाळायला लागणाऱ्या वाहनांची किमान संख्या काढण्याची एक रीत प्रसिद्ध केली. ती इतकी सोपी आहे, की तुम्ही-आम्ही वहीवर करू शकतो.

एका गावाचा थांबा घ्या. कल्पनेतला आहे, पण खराही असू शकेल. पहाटे ६:००, ६:३० आणि ७:०० अशा तीन गाड्या गावातून सुटतात. शहराकडून ६:४५ आणि ६:५५ अशा दोन गाड्या येतात, आणि आलेली गाडी पाच मिनिटांत परत निघू शकते. आता वहीत शून्यापासून सुरुवात करा. गाडी सुटली की एक वजा, आली की एक अधिक.

६:०० ला उणे एक. ६:३० ला उणे दोन. ६:४५ ला उणे एक. ६:५५ ला शून्य. ७:०० ला पुन्हा उणे एक. या जमाखर्चाचा सर्वांत खोल तळ आहे उणे दोन. अर्थ असा, की दिवस उजाडताना त्या गावात दोन गाड्या आधीच उभ्या असल्या पाहिजेत. म्हणजेच दोन मुक्कामी गाड्या. प्रत्येक थांब्यासाठी अशी वही ठेवा, प्रत्येकीचा तळ शोधा आणि सगळ्या तळांची बेरीज करा. गाड्या रिकाम्या इकडून तिकडे पाठवायच्या नसतील, तर तुमच्या वेळापत्रकाला लागणाऱ्या गाड्यांची ती किमान संख्या. त्याहून एकही कमी चालणार नाही आणि त्याहून एकही जादा लागणार नाही.

आता कारकुनाचे कसब पाहा. ६:४५ ला येणारी गाडी वीस मिनिटे आधी, ६:२५ ला आली तर? ६:०० ला उणे एक, ६:२५ ला शून्य, ६:३० ला उणे एक, ६:५५ ला शून्य, ७:०० ला उणे एक. तळ आता उणे एकच. गावात एकच गाडी मुक्कामी ठेवली तरी भागते. एका फेरीची वेळ वीस मिनिटांनी सरकली आणि एक आख्खी गाडी मोकळी झाली! मात्र घाई नको. ती गाडी शहरातूनही वीस मिनिटे आधी सुटणार, तेव्हा शहराच्या वहीतही तो बदल लिहावा लागेल. तिथला तळ खोल गेला नाही, तरच गाडी खरोखर वाचली. एरवी इथला मुक्काम तिथे गेला, इतकेच.

या पद्धतीला पुढे बस वाहतुकीच्या अभ्यासात चांगले बाळसे आले. सोव्हिएत संघातल्या आणि नंतर इस्रायलमधल्या अभ्यासकांनी, विशेषतः अविशाय सेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ती विकसित केली. आपल्या आगारांतले जुने वाहतूक निरीक्षक शोधनिबंध न वाचता बोटांवर जे करीत आले होते, त्याला सिद्धता मिळाली असे मी म्हणेन.

सिद्धतेचा धागा आणखी मागे जातो. रॉबर्ट डिल्वर्थ यांनी १९५० साली निव्वळ अमूर्त गणितातला एक सिद्धांत मांडला होता. बसच्या भाषेत तो असा : ज्यांपैकी कोणत्याही दोन फेऱ्या एकच गाडी करू शकणार नाही, अशा फेऱ्यांचा मोठ्यात मोठा गट शोधा. तो गट ९ फेऱ्यांचा असेल, तर ९ गाड्या लागणार हे उघड आहे. डिल्वर्थ यांचा सिद्धांत सांगतो, की ९ पुरतात देखील. हे ‘पुरतात देखील’ उघड नाही, आणि सारे सौंदर्य तिथे आहे. डिल्वर्थ यांच्या मनात बस नव्हती, जहाज नव्हते.

मुंबईच्या लोकल गाड्यांत हाच प्रश्न ‘रेक लिंक’ या नावाने ओळखला जातो. एक रेक, म्हणजे डब्यांची एक जोडणी, दिवसभरात कोणकोणत्या फेऱ्या करील, याची ती साखळी. २००६ मध्ये आयआयटी मुंबईचे नारायण रंगराज आणि मिलिंद सोहोनी यांनी सहकाऱ्यांसह उपनगरी गाड्यांच्या रेक जोडणीवर ‘ऑपसर्च’ या भारतीय नियतकालिकात शोधनिबंध लिहिला. लोकलच्या बाबतीत एक रेक वाचणे म्हणजे एक बस वाचणे नव्हे. किंमत कैक पटींनी मोठी, आणि नवा रेक आणला तरी तो रात्री उभा करायला रूळ लागतो. सकाळची विरारहून सुटणारी पहिली गाडी चर्चगेटहून येऊ शकत नाही. ती रात्रीच त्या टोकाला असावी लागते. डोंगराआडच्या वाडीतली एसटी आणि यार्डात उभा बारा डब्यांचा रेक, दोघेही एकाच कारणाने मुक्कामी आहेत.

गाड्यांचे झाले. आता माणसांचे, आणि हे अधिक अवघड आहे.

गाडीला झोप लागत नाही, जेवण लागत नाही, घर नसते. कामगाराला हे सारे असते, आणि कायदाही असतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने कामाचे तास दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ असे ठरवले होते. सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती. आणि कामाचे तुकडे करायचेच झाले तर दोनहून अधिक नाही, तेही विश्रांती धरून १२ तासांच्या पल्ल्यात. शहरी बससेवेला सकाळ-संध्याकाळ गर्दी आणि मध्ये ओहोटी. त्यामुळे ‘सकाळी चार तास, मग दुपारी रिकामा, मग पुन्हा चार तास’ अशी तुटक ड्युटी कागदावर फार स्वस्त दिसते. ती करणाऱ्याचा मात्र सारा दिवस जातो. त्या कायद्यातला १२ तासांचा आकडा हा त्या माणसाच्या बाजूने गणितात घातलेला बांध होता. ऑपरेशन्स रिसर्चमध्ये अशा बांधाला ‘कन्स्ट्रेंट’ म्हणतात. कामगारांच्या इतिहासात त्यालाच मिळवलेला हक्क म्हणतात.

किती शक्यता असतात, याचा अंदाज घ्या. एका लहान आगाराचे दिवसभराचे काम ५० तुकड्यांत विभागले आहे असे समजा. दोन-दोन तुकड्यांच्या जोड्या १,२२५ होतात. तीन-तीनांचे गट १९,६००. चार-चारांचे २,३०,३००. यांतले बरेच गट वेळ किंवा कायदा यांत बसत नाहीत. पण उरलेल्यांतून असे गट निवडायचे, की प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी वाट्याला यावा आणि एकूण खर्च सर्वांत कमी व्हावा. मोठ्या शहराच्या बाबतीत शक्यतांची यादी करणेसुद्धा संगणकाच्या आवाक्याबाहेर जाते.

इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात अँथनी रेन यांनी १९६० च्या दशकापासून या प्रश्नाला वाहून घेतले. १९७५ मध्ये शिकागोला आणि १९८० मध्ये लीड्सला या एकाच विषयावर आंतरराष्ट्रीय परिषदा भरल्या. कॅनडात मॉन्ट्रियल हे दुसरे पीठ. तिथल्या मार्टिन देरोशे आणि फ्रांस्वा सुमिस यांनी १९८९ साली शहरी बस कामगारांच्या पाळ्यांसाठी एक देखणी युक्ती मांडली : सगळ्या शक्यता लिहूच नका, थोड्या घेऊन गणित सोडवा, आणि त्या उत्तरालाच विचारा की आणखी कोणती ड्युटी हाती असती तर खर्च कमी झाला असता. तेवढीच तयार करा, यादीत घाला, पुन्हा सोडवा. जगातल्या मोठ्या बससेवांची पाळीपत्रके आज बहुतांशी याच घराण्यातल्या रीतींनी बनतात.

या साऱ्यांच्या पोटात डँट्झिग यांचे जुने गणित, लिनिअर प्रोग्रॅमिंग, चालू असते. आणि इथे एक आपले नाव येते.

ग्वाल्हेरला जन्मलेले, आयआयटी मुंबईत शिकलेले नरेंद्र करमरकर १९८४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत होते. सिम्प्लेक्स ही रीत शक्य उत्तरांच्या एका बहुमितीय आकाराच्या कडेकडेने, एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जात सर्वोत्तम कोपरा गाठते. करमरकर यांची रीत त्या आकाराच्या अंतर्भागातून वाट काढते. कात्रजचा जुना घाट वळणे घेत चढतो आणि नवा रस्ता बोगद्यातून पार होतो, हा फरक मनात आणा. उपमा पूर्ण नाही, कारण सिम्प्लेक्स व्यवहारात बहुधा वेगाने धावते. पण काही मुद्दाम रचलेल्या प्रश्नांत तिला अगणित कोपरे हिंडावे लागतात, हे १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी दाखवले होते. करमरकर यांच्या रीतीला तशी भीती नव्हती, आणि प्रत्यक्ष वापरातही ती टिकली. त्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. गणिताच्या वाट्याला असे भाग्य क्वचित येते.

पुढचा भाग कमी गौरवाचा, पण इतिहास म्हणून महत्त्वाचा. बेल प्रयोगशाळेच्या मालक कंपनीने, एटी अँड टीने, या रीतीचे पेटंट घेतले. १९८८ मध्ये ते मंजूर झाले. गणिताच्या रीतीवर मालकी कशी सांगता येईल, असा मोठा वाद पेटला. दरम्यान काही गणितज्ञांनी दाखवले होते, की ही रीत आणि १९६० च्या दशकातली एक जुनी, मागे पडलेली पद्धत यांत जवळचे नाते आहे. कंपनीने ‘कॉर्बक्स’ नावाची यंत्रणा सुमारे ८९ लाख डॉलरना विकायला काढली. तिचे पहिले गिऱ्हाईक कोण? अमेरिकेचे संरक्षण खाते, पेंटॅगॉन; डेल्टा एअरलाइन्सनेही ती घेतली, वैमानिकांच्या पाळ्या लावण्यासाठी. अमेरिकी हवाई दलाच्या वाहतूक विभागानेही ती वापरून पाहिली. यंत्रणा बाजारात फार काळ टिकली नाही. रीत टिकली, आज वेळापत्रके आखणाऱ्या बहुतेक संगणकप्रणालींत ती किंवा तिची भावंडे मुकाट्याने काम करीत असतात. करमरकर यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही काम केले.

आपल्याकडे या विद्येचे घर पुण्यातच आहे. भोसरीची सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट १९६७ मध्ये स्थापन झाली, ती राज्य परिवहन संस्थांच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण आणि संशोधन पुरवण्यासाठी.

कागदावरचे वेळापत्रक मात्र रस्त्यावर विस्कटते, आणि त्या विस्कटण्यालाही नियम असतो. तासभर एकही बस नाही आणि मग तीन एकदम, हा अनुभव आपण दैवाच्या माथी मारतो. न्यूएल आणि पॉट्स यांनी १९६४ मध्ये त्याचे कारण मांडले. एखादी बस जरा उशिरा झाली, की पुढच्या थांब्यावर जास्त माणसे जमतात. त्यांना चढवण्यात ती आणखी उशिरा होते. तिच्या मागच्या बसला मग कमी माणसे मिळतात, ती वेगाने येते आणि शेवटी पहिलीला गाठते. यात चालकाची चूक असलीच पाहिजे असे नाही.

आणि त्याची किंमत? दर दहा मिनिटांनी बस असेल, तर थांब्यावर कधीही येणारा माणूस सरासरी ५ मिनिटे थांबतो. तेवढ्याच बस २ आणि १८ मिनिटांच्या आलटून-पालटून अंतराने आल्या, तर सरासरी वाट ८.२ मिनिटे होते. तासाला सहा बस दोन्हीकडे सारख्याच. अहवालात ‘१०० टक्के फेऱ्या पूर्ण’ असे लिहिता येते, आणि थांब्यावरचा माणूस दीडपटीहून अधिक थांबतो. म्हणून स्थानकावर शिट्टी घेऊन उभा असलेला वाहतूक नियंत्रक जेव्हा भरलेली गाडी दोन मिनिटे रोखून धरतो आणि आतले लोक त्याच्या नावाने खडे फोडतात, तेव्हा तो पुढच्या सगळ्या थांब्यांवरच्या लोकांच्या वतीने ते ऐकून घेत असतो.

इथवर सगळे गणित एका गोष्टीवर उभे आहे, जी गणित स्वतः ठरवत नाही : कमी काय करायचे? गाड्या, खर्च की लोकांची वाट पाहण्याची मिनिटे? एसटीच्या कारभारात भारमान हा शब्द वजनदार आहे. गाडीच्या क्षमतेच्या किती टक्के प्रवासी मिळाले, याचे ते माप. भारमान उद्दिष्ट मानले, तर डोंगराआडच्या वाडीची संध्याकाळची फेरी यादीत सर्वांत खाली जाते आणि पहिली कापली जाते. ती फेरी गेली, की अकरावीतल्या मुलीचे महाविद्यालय सुटते. मग सकाळच्या फेरीलाही माणसे कमी होतात आणि तिचेही भारमान घसरते. गणिताने चूक केलेली नसते. त्याला जे विचारले त्याचे उत्तर त्याने अचूक दिलेले असते.

उलट उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बसगाड्या मुलींच्या शाळा-महाविद्यालयांच्या वेळा धरून सोडल्या जातात. त्यांचे उद्दिष्टच वेगळे ठरवले, म्हणून वेळापत्रक वेगळे निघाले. आकडेमोड तीच.

पुण्यातला एक निर्णयही या नजरेने पाहण्यासारखा आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या दोन वेगळ्या बससंस्था २००७ मध्ये एक होऊन पीएमपीएमएल झाली. गणित सांगते, की दोन ताफे एकत्र केले तर लागणाऱ्या गाड्या बेरजेपेक्षा कधीही वाढत नाहीत. बहुधा घटतात, कारण एकाच्या ओहोटीत मोकळी झालेली गाडी दुसऱ्याच्या भरतीत वापरता येते. पण हे तेव्हाच, जेव्हा आगारे, चालक आणि मार्ग खरोखर एका वहीत येतात. नुसते नाव एक करून तळ वर येत नाही.

एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर एसटीची ‘शिवाई’ ही विजेवरची बस सुरू झाली. पुण्यात भेकराईनगरला विजेवरच्या गाड्यांचे आगार त्याआधीच, २०१९ मध्ये, उभे राहिले होते. डिझेलच्या गाडीची टाकी सकाळी भरली की दिवसभर विचार करावा लागत नसे. ती वाडीतल्या पिंपळाखाली रात्रभर उभी राहिली तरी पहाटे निघत असे. विजेवरची गाडी रात्री जिथे थांबेल, तिथे चार्जर हवा. तो नसेल, तर शेवटची फेरी झाल्यावर ती रिकामी आगारात परत न्यावी लागते आणि पहाटे पुन्हा रिकामी पाठवावी लागते. नाहीतर पहिली फेरी उशिरा सुरू करावी लागते. बार्टलेट यांच्या वहीत आता अधिक-उण्याच्या शेजारी आणखी एक रकाना आला आहे, प्रत्येक गाडीच्या बॅटरीत किती उरले याचा. आणि चार्जर कोणत्या गावात बसवायचा, हे ठरताना मुक्कामी गाडी कोणत्या गावाला मिळणार, तेही ठरून जाते.